आबांनी पुसलेलं ग्रीस

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर मी कमी पडलं म्हणते, मग भाजी मी केलेली असो की पाहुण्यांकडची असो. नवऱ्याच्या मते मला बोलण्याआधी विचार करायची सवय नाही. माझ्या मते विचार करत बसलं की बोलायचं राहूनच जातं. तर अशी मी, उभ्या जन्मात एकदा कुणाचं मन राखायला म्हणून खोटं बोलले, तेही सख्ख्या सासऱ्यांशी, आणि तेच नेमकं अंगाशी आलं. झालं सगळं एका कॉम्प्युटरपायी.

आम्ही घोरावाडी स्टेशनजवळ राहतो. मी घरबसल्या लग्नाचे अल्बम करते. म्हणजे लग्न दुसऱ्यांचं, फोटो लोणावळ्याच्या एका स्टुडिओवाल्याचे, आणि नवरदेवाचं पोट आत घ्यायचं काम माझं. लग्नाआधी फोटो काढून घ्यायला जोडपी कुठून कुठून आमच्या मावळात येतात. धुक्यात उभी राहतात, तटबंदीवर चढून झगे उडवतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, आणि मागं हटकून कुणीतरी मक्याचं कणीस खात उभा असतो. तो कणीसवाला मी पुसते. आजवर इतके पुसलेत की आता कुणी खरोखर कणीस खाताना दिसला तरी माझा हात शिवशिवतो.

जुना लॅपटॉप एका अल्बमच्या मध्यावरच गेला. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, ते खेळणं टाका आता, चांगलं मशीन घ्या." तयार घेण्याऐवजी सुटे भाग आणून घरीच जोडायचं मी ठरवलं. का, तर "तुला नाही जमणार" असं नवरा बोलून बसला होता. हे वाक्य कुणी म्हटलं की मला ते जमवावंच लागतं. पंधरा दिवस व्हिडिओ बघितले, एकेक भाग निवडून मागवला. खोकी येत गेली. दिवाणाशेजारी सात खोकी रचून झाली आणि मग मात्र माझं धाडस जरा पातळ झालं. रोज त्यांच्याकडे बघायचं आणि "उद्या" म्हणायचं, असं चाललं होतं.

माझे सासरे, म्हणजे आबा, तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मूळचे आंबीचे. थोडी शेती होती ती भावकी कसते. आबांनी तिथल्याच एका कारखान्यात तीस वर्षं फिटरचं काम केलं. मशीनच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे म्हणे. शेवटी शेवटी कारखान्यात पडद्यावर बोट लावून चालणारी मशिनं आली, त्यांच्यामागून ती चालवणारी शिकलेली मुलं आली, आणि आबांना स्टोअरमध्ये बसवलं. तिथं बसून त्यांनी हातमोजे आणि पुसायच्या चिंध्या वाटल्या. मग शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन घरी आले. सासूबाई आधीच गेलेल्या.

घरी आल्यापासून आबा ओट्यावर बसले ते बसलेच. समोरून लोकल जायची ती बघायचे, परत यायची ती बघायचे. "जेवता का?" म्हटलं की "वाढ." "चहा?" म्हटलं की "ठेव." दिवसभराचे शब्द गोळा केले तर पोस्टकार्डसुद्धा भरलं नसतं. मला भांडायला आवडतं, पण भांडायला समोरचा माणूस तरी हजर लागतो ना! हा माणूस घरात असून नव्हता. मला आतून फार वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मी भांडी आपटते, त्यामुळे घरात आवाज तेवढा माझाच असायचा.

एका सकाळी झाडताना मी ती खोकी सरकवत होते आणि एकटीच चरफडत होते. आबा दारात येऊन उभे राहिले.

"काय हाय ह्यात?"

"कॉम्प्युटर आहे आबा. सुटा. जोडायचाय."

"नट-बोल्टच ना?"

"म्हणजे... हो, तसे स्क्रूच आहेत सगळे."

"मग दे हिकडं. वर्सभर बसून हाय मी, आनि तू नुसती खोकी ढकलती!"

वर्षभरातलं सगळ्यात लांब वाक्य! मी केरसुणी तिथंच टाकली. आबांनी हात धुतले, कॉटखालची लोखंडी पेटी ओढली, जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली आणि स्क्रू ठेवायला माझं स्टीलचं ताट मागून घेतलं. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम आलं. माहितीपत्रक मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाले, "चित्रं बगून काम करायचं तर देवानं हात कशाला दिले?" आणि खरं सांगते, हात बघण्यासारखे होते. जाड, भेगाळलेली बोटं, पण इवलासा स्क्रू असा अलगद बसवायचे की बघत राहावं.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, काड्यापेटीएवढा चौकोनी तुकडा. तो काम करायला लागला की तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा बसवतात, त्याला वरून पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. आमच्या नव्या कोऱ्या ठोकळ्याच्या बुडाला राखाडी रंगाचे तीन पट्टे होते. आबांनी बोट लावून बघितलं, बोटाबोटात चोळून बघितलं.

"ग्रीस," ते म्हणाले. "नवा पार्ट आला का त्येला आसंच फासून धाडत्यात. वाटंत गंजू न्हाई म्हनून. आपल्याकडची हवा वल्ली, हितं तर लयच फासत्यात. ते आदी काढायचं, मंग पार्ट बसवायचा. न्हाईतर बूड टेकत न्हाई."

पेटीतून रॉकेलची अर्धी बाटली निघाली. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हापासून ती त्यांनी जिवापाड जपलेली. चिंधी भिजवून आबांनी ते तिन्ही पट्टे पुसले, मग कोरड्या फडक्यानं पुसले, मग स्वतःच्या बनियनच्या टोकानं. ठोकळ्याचं बूड आरशासारखं लखलखायला लागलं. "बग, तोंड दिसतंय," म्हणाले. मी बघितलं. दिसत होतं. मी म्हटलं, "वा आबा!"

पंधरा दिवस व्हिडिओ बघणारी बाई मी! प्रत्येक व्हिडिओत तो पोरगा प्रोसेसरवर पांढरटसं काहीतरी पिळतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण आमच्याकडे कसली नळी आली नव्हती, त्यामुळे ते आपल्याला लागत नसेल असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. नळी आली नव्हती कारण ते कारखान्यातूनच ठोकळ्याला लावून आलं होतं, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आणि एवढा तीस वर्षांचा फिटर ठामपणे सांगतोय म्हटल्यावर माझीही मान आपोआप हलली.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा उजळला. आबा हसले. असे हसले की मला त्यांचा मागचा पडलेला दात पहिल्यांदा दिसला. "चालू झालं की गं!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून तयार. दूधवाल्याला ओट्यावरून हाक मारून घरात आणला आणि "हे मी जोडलं" म्हणून दाखवलं. टेबल खिडकीपाशी ठेवायचं की भिंतीपाशी यावरून आमचं दोघांचं कडकडून भांडण झालं, मी हरले, आणि हरून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

हे सुख आठवडाभर टिकलं. मग मशीन मध्येच बंद पडायला लागलं. आधी पंखा केकाटायचा, मग फट्दिशी पडदा काळा. एका नवरीचे तीन तास खपून काढलेले डाग असे दोनदा परत आले. मी एक छोटंसं सॉफ्टवेअर टाकलं, ते कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवतं. रिकामं बसलं तरी सत्तर. अल्बम उघडला की नव्वद. शंभराला टेकलं की राम म्हणायचं.

मी म्हटलं, लोणावळ्याला एक दुकानदार आहे, त्याला दाखवून आणते. आबांनी फक्त चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. त्याच जागी. तसेच. त्या क्षणी मला कळलं की अल्बम गेला चुलीत, इथं पणाला वेगळंच काहीतरी लागलंय. हे मशीन दुसऱ्या कुणाच्या हातानं सुधारलं तर हा म्हातारा परत त्या ओट्यावर जाईल आणि मग काही उठायचा नाही.

"दुकानदार कशाला?" मी ओट्यावर जाऊन म्हटलं. "तुम्हीच बघा की काय ते."

मग आबांनी बघायला सुरुवात केली. पहिल्यांदा कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झाकणं काढली आणि टेबल फॅन समोर लावला. माझी सगळी बिलं घरभर उडाली. मग मशीन जमिनीवर ठेवून बघितलं, कारण फरशी गार. मग ड्रिल घेऊन आले, पत्र्याला भोकं पाडतो म्हणाले. मी आडवी पडले म्हणून वाचलं, नाहीतर लोखंडाचा सगळा चुरा आत गेला असता. शेवटी त्यांनी तुपाचे दोन रिकामे डबे उलगडले आणि मागच्या खिडकीपासून कॉम्प्युटरच्या पोटापर्यंत पत्र्याचं एक धुराडं बनवलं. डोंगरावरून येणारा गार वारा थेट प्रोसेसरवर. काम देखणं होतं, शिवण एकदम सरळ. पण मागच्या खिडकीसमोर शेजारणीचं स्वयंपाकघर. डोंगराचा वारा येईल तेव्हा येईल, आधी तिचे सुके बोंबील आले. तापमान दोन अंशांनी उतरलं आणि माझ्या खोलीला जो वास लागला तो लागलाच.

आबा रोज त्या धुराड्याचा बाक थोडा बदलायचे आणि कोपऱ्यातला आकडा बघायचे. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. "उद्या वायसर बदलून बगतो," म्हणायचे. पण दिवसेंदिवस त्यांचा आवाज बसत चालला होता, आणि दाढी एक दिवसाआड झाली होती.

नोव्हेंबरात आबा हयातीचा दाखला द्यायला तळेगावला बँकेत गेले. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी माणसानं स्वतः जाऊन सांगायचं, या प्रकाराचा मला भयंकर राग येतो, पण ते जाऊ द्या. आबा गेले आणि मी व्हिडिओ उघडला. त्यातला पोरगा सांगत होता, ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता पोचवणारी पेस्ट पाहिजेच, कारण धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी मध्ये बारीक हवा राहते. काही ठोकळ्यांना ही पेस्ट आधीच लावलेली असते, राखाडी पट्ट्यांची. "तिला हात लावू नका," तो म्हणाला.

अगं बाई! मी कपाळावर हात मारला. हात काय, आम्ही रॉकेल लावलं होतं.

स्टेशनसमोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे त्या पेस्टची नळी मिळाली, करंगळीएवढी. घरी येऊन मी स्वतः ठोकळा काढला. बूड अजून लखलखत होतं आणि त्यात माझं घामेजलेलं तोंड दिसत होतं. तुरीच्या डाळीएवढी पेस्ट टाकली, ठोकळा परत बसवला, बटण दाबलं. पंखा इतका शांत फिरायला लागला की मला वाटलं बंदच पडला. अल्बम उघडला. अठ्ठावन्न. साठ. एकसष्ट. तिथंच थांबला. जीव भांड्यात पडला.

आणि लगेच दुसरीकडून वर आला. आता आबांना काय सांगू? की तुम्हीच ते पुसलंत? तीस वर्षं ज्या हातांवर पोट भरलं, त्यांनीच घोळ घातला म्हणून? आणि मी शेजारी बॅटरी धरून "वा आबा" म्हणत होते? मी ती नळी पर्समध्ये लपवली, धुराडं होतं तसं जोडलं आणि भांडी घासायला बसले.

आबा आले. चपला काढायच्या आधी आकडा बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"एकसष्ट? आगं, हे कसं काय?"

"तुम्ही सकाळी धुराड्याचा बाक बदलला ना," मी भांड्यात तोंड घालून म्हणाले, "तेव्हापासनं उतरतंय बघा."

झालं! आबांनी त्या धुराड्यावरून असा हात फिरवला जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला खबर. दूधवाला, शेजारीण, स्टेशनवरचा पेपरवाला, सगळ्यांना आत आणून धुराडं दाखवलं. "वाऱ्याला वाट दावली का गरमी आपसूक जाती," असं समजावून सांगायचे. मी आतून ऐकायचे आणि गप्प बसायचे. माझ्या गप्प बसण्यानं नवऱ्याला संशय आला. त्यानं मला ताप आहे का म्हणून बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं तर पोट धरून हसला, आणि मग म्हणाला, "राहू दे. खूश आहेत ना?" खूश होतेच. तेवढ्यासाठी मी आयुष्यभर बोंबलाचा वास घेतला असता.

पण आबांची बहीण लोहगडवाडीला असते. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालतात आणि मुक्कामाला दोन खोल्या देतात. खोल्यांची मागणी फोनवर यायची, आणि आत्यांना फोनवरची अक्षरं दिसेनाशी झाली होती. त्यांना मोठा पडदा पाहिजे होता. भावाची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांनी निरोप धाडला, "दादा, मला बी यक जोडून दे." आबांनी माझ्याकडून भाग मागवून घेतले, थेट वाडीच्या पत्त्यावर. ठोकळा अगदी आमच्यासारखाच, खाली राखाडी पट्टेवाला.

आम्ही दोघं वाडीला निघालो त्या दिवशी आबांच्या एका काखेत गुंडाळलेला पत्रा आणि दुसऱ्या हातात पेटी. "रॉकेल घेत न्हाई, गाडीत चालत न्हाई," म्हणाले. "आत्याकडं आसंल." मी पर्समधली नळी चाचपली. गाडीत सांगून टाकू, असं ठरवलं. तळेगाव गेलं, वडगाव गेलं. कान्हे आलं तेव्हा मी "आबा," म्हटलं. ते म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "थंडी वाजतेय का?" कामशेत गेलं. मळवली आलं, उतरलो, वर जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. मी, जी सरपंचाला तोंडावर बोलली आहे, ती पुढच्या सीटची शिवण मोजत बसले होते. माझी मलाच चीड येत होती.

आत्यांनी खोली सारवून ठेवली होती. आबांनी चादर अंथरली, ताट मागितलं, आणि बहिणीला म्हणाले, "घासलेट हाय का थोडं?" त्यांनी दिव्यातलं वाटीत ओतून आणलं. आबांनी ठोकळा उलटा केला, चिंधी भिजवली आणि आत्यांना दाखवायला वर धरला. "हे बग. हे ग्रीस. अडानी मानूस हे आसंच ठिवतो आनि मंग मशीन तापतंय."

"आबा, थांबा!"

मी इतकी जोरात ओरडले की बाहेर पिठलं खाणारी चार माणसं आत डोकावली. आबांचा हात तसाच वर राहिला.

"ते ग्रीस नाही," मी म्हणाले. आता तोंड उघडलंच होतं तर ते मिटेना. "ती पेस्ट आहे. ती पुसायची नसते. आपल्या मशीनची आपण पुसली म्हणून ते तापत होतं. धुराड्यानं काही झालं नाही आबा. तुम्ही बँकेत गेलात तेव्हा मी पेस्ट लावली. मी खोटं बोलले."

आबांनी चिंधी वाटीत ठेवली, ठोकळा चादरीवर ठेवला, हात पुसले आणि बाहेर गेले. आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भाकरीसारखी दोन्ही बाजूंनी भाजून निघाले.

मी मागोमाग गेले. आबा अंगणाभोवतीच्या दगडाच्या पौळीवर बसले होते, गडाकडे पाठ करून. मी शेजारी बसले. "चुकलं माझं," म्हटलं.

"चूक माजी," आबा म्हणाले. "पुसलं मी." मग म्हणाले, "कंपनीत आदी सायब लय वरडायचा. 'फिटर, डोळं फुटलं का?' म्हनायचा. मला राग यायचा. घरी येऊन जेवायचो न्हाई. पन मंग सेवटाला सेवटाला येकदा मी शाफ्ट वाकडा बसवला. माजा मलाच दिसत व्हता वाकडा. नवा सायब आला, त्यानं बगितला. मी म्हनलं, आता वरडतोय. तर तो हासला. म्हनला, 'काका, तुमी च्या पिऊन या.' मी गेलो. आलो तवर पोरांनी खोलून सरळ केलावता. कुनी चकार शबूद काडला न्हाई." आबांनी माझ्याकडे बघितलं. "त्या दिशी कळलं मला, आपलं काम सपलं. ते स्टोअरबिअर मागनं."

मी पौळीवरचं गवत उपटत बसले.

"तू बी मला च्या प्यायलाच धाडलंस," ते म्हणाले.

रडू आलं मला. मी रडणारी बाई नाही, पण आलं. माया करतेय, मन राखतेय असं मला वाटत होतं, आणि मी त्यांना परत त्या स्टोअरमध्येच नेऊन बसवलं होतं. बाहेरच्या त्या पिठलंवाल्यांपैकी एक जण "मावशी, पाणी?" म्हणून विचारायला आला, त्याला मी हाकलून लावलं.

आबांनी मला रडू दिलं. मग पौळीवरून उठले, गुडघे झाडले आणि विचारलं, "ती पेस्ट हाय का तुज्याकडं? का नुसतीच वरडाय आलीस?"

मी पर्समधून नळी काढली.

"ऱ्हाऊ दे, ह्याला हाय लावलेली. पन जवळ ठिव." आत गेले. बहिणीला म्हणाले, "माजं चुकलंवतं. ते ग्रीस न्हाई." आणि रॉकेलची वाटी तिच्या हातात परत दिली. माहितीपत्रक स्वतःच उघडलं, चष्मा नाकावर ओढला आणि मला म्हणाले, "वाच. पयल्यापासनं वाच."

मी वाचत गेले, ते बसवत गेले. ठोकळा बसला, वायरी बसल्या. मग मागच्या बाजूचा मोठा पंखा. आबांनी चार स्क्रू कसले, थोपटून बघितलं आणि मागं सरून बसले. आत्या दारात, त्यांच्यामागं शेजारच्या दोन बाया, "दादांनी केलं" ते बघायला आलेल्या. मी पंख्याकडे बघितलं. "छान झालं" हे शब्द जिभेवर आले होते, खोटं कशाला बोलू?

"आबा, पंखा उलटा बसवलाय तुम्ही!"

आबांनी पंख्याकडे बघितलं. माहितीपत्रकाकडे बघितलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे, आणि दारातल्या बायांकडे. वर्षभरात, अगदी त्या मशीनचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हासुद्धा, त्यांचा चेहरा मी इतका मोकळा झालेला बघितला नव्हता.

"उलटाच हाय," ते म्हणाले आणि स्क्रू सोडवायला वाकले. "पन जरा हळू बोल की गं. भैनीच्या दारात बसलोय."

"आणि ती खालची वायरसुद्धा ओढली गेलीय," मी तितक्याच मोठ्यानं म्हणाले.